आमेन म्हणण्याआधी

विश्वासात टिकून राहायचे तर प्रश्न विचारायचे नाहीत, असे मी आयुष्यातली बरीच वर्षे मानत आले. उपासनेनंतर कोणी पाळकसाहेबांना संदेशातल्या एखाद्या मुद्द्यावर अडवले की मला ते खटकायचे. शब्बाथशाळेत एखाद्या पोराने ‘बाई, हे असं कुठं लिहिलंय?’ म्हणून विचारले, तर मी उत्तर द्यायचे. पण रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे नाव आठवणीने घ्यायचे. शंका ही घसरणीची सुरुवात, असे मला वाटे. आणि धोका नेहमी बाहेरून येतो, हेही तितकेच पक्के ठरलेले. नास्तिक मित्र, कॉलेजातली पुस्तके, शहरात गेल्यावर सुटलेली उपासना. नगरच्या आमच्या मंडळीत घरोघरची आईबापे याच गोष्टींची धास्ती घेत आली आहेत.

माझे हे मत आता राहिलेले नाही. ख्रिस्ती माणसाला हळूच भलतीकडे नेणारी शिकवण बहुतेक वेळा पवित्र शास्त्र हातात घेऊनच येते. तिला आपली वचने पाठ असतात, आपली गाणी येतात, ती ‘प्रभूमध्ये सलाम’ म्हणून सुरुवात करते. मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतानाने प्रभू येशूपुढे ठेवले ते ९१ व्या स्तोत्रातलेच वचन होते. हा उतारा मी किती मुलांना शिकवला असेल! पण तो आपल्या स्वयंपाकघरात घडू शकतो, हे माझ्या नणंदेच्या घरी मला दिसले.

वन्संना जुना मधुमेह. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना म्हणून मी भेटायला गेले आणि दूध ठेवायला फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात इन्सुलिनच्या पेनांची खोकी होती, एकाचेही सील फोडलेले नव्हते. साखर तपासायचे यंत्र कपाटावर, त्यावर धूळ. मी विचारले तर शांतपणे म्हणाल्या, “वहिनी, साखर तपासायची म्हणजे प्रभूवर शंका घ्यायची. मी बरी झालेच आहे, एवढंच म्हणत राहायचं.” पहाटे पाच वाजता त्यांच्या फोनवर एका प्रचारकाचा आवाज येई. औषध घेणे हे अल्पविश्वासाचे लक्षण, गरिबी आणि आजार हे विश्वास कमी पडल्याचे फळ, असे तो सांगे, आणि प्रत्येक वाक्यामागे एक वचन जोडी. वचन खरेच असे, पत्ताही बरोबर असे. अर्थ तेवढा त्याचा असे.

घरी येऊन मी शास्त्र उघडले. पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असे पौलानेच लिहिले. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडले. आणि त्याच्या सोबत्यांत लूक होता, तो वैद्य. ही सगळी वाक्ये माझ्या वाचनातली. पण कधी एकाशेजारी एक ठेवून पाहिली नव्हती. त्या प्रचारकाच्या हिशेबाने पाहिले तर पौलाचाही विश्वास कमीच भरायचा.

मग मी यिर्मयाकडे वळले, कारण वन्संच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या २९ व्या अध्यायातले ११ वे वचन होते. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या काढतात, त्यांतही हे वचन कोणाला ना कोणाला येतेच. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, हे कोणाला नको असेल? पण ते वचन एका पत्रातले आहे, आणि पत्र बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. पत्र सांगते की सुटका सत्तर वर्षांनी. तोवर तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या शहराने तुम्हाला धरून नेले त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे पत्र ऐकणाऱ्या कर्त्या माणसांपैकी बहुतेकांची माती बाबेलातच होणार होती. हिताचा संकल्प त्यांच्यासाठीही होता, तरीही.

त्याच्या आधीचा, २८ वा अध्याय तर मी पुन्हा पुन्हा वाचला. गिबोनचा हनन्या मंदिरात, याजकांसमोर, सगळ्या लोकांसमोर उभा राहतो आणि सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. राजा येईल, मंदिरातली पात्रे येतील. तो दुसऱ्या कुठल्या देवाचे नाव घेत नाही. यिर्मया ज्या परमेश्वराच्या नावाने बोलतो, त्याच नावाने हनन्या बोलतो. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू आहे, ते काढून हनन्या सर्वांदेखत मोडतो. लोकांना हायसे वाटले असेल. मलाही वाटले असते. सत्तर वर्षे सांगणाऱ्याचे कोण ऐकेल, दोन वर्षे सांगणारा समोर असताना?

आणि यिर्मया काय म्हणतो? आधी ‘आमेन’ म्हणतो! परमेश्वर तसेच करो, अशी इच्छा दाखवतो. त्याला लोकांचे वाईट व्हायला नको आहे. पण आमेन म्हणून तो थांबत नाही. आधीच्या संदेष्ट्यांनी काय सांगितले त्याची आठवण देतो, आणि शांतीचे भाकीत करणाऱ्याचे बोल खरे ठरले की मगच त्याला देवाने पाठवले असे समजावे, म्हणतो. ज्या तपासणीला मी अविश्वास समजत होते, ती इथे संदेष्टाच करतो आहे. बिरुयाच्या लोकांनी पौलाचेही बोलणे रोज शास्त्राशी ताडून पाहिले, आणि प्रेषितांची कृत्ये त्यांची थोरवीच सांगते.

आपल्याकडे याला पंडिता रमाबाईंहून मोठे उदाहरण मला सापडत नाही. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून सिद्धांतांवर वाद घातले. कोणी सांगितले म्हणून त्यांनी मान डोलावली नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. दुःख म्हणजे विश्वास कमी पडल्याची खूण असेल, तर रमाबाईंचे काय करायचे? ही शिकवण ज्याच्या तोंडून ऐकू येईल त्याला मी आता हेच विचारते.

मी बरे होण्यासाठी प्रार्थना करणे सोडलेले नाही. देव बरे करतो यावर माझा विश्वास आहे, डोक्यावर हात ठेवून केलेल्या प्रार्थनेची ऊब मला ठाऊक आहे. त्या प्रचारकाकडे माणसे का जातात, तेही कळते. त्याचा आवाज वन्संची रोज पहाटे ‘ताई’ म्हणून विचारपूस करायचा. आमच्या मंडळीतून तेवढ्या मायेने कोणी फिरकत नव्हते. एकट्या माणसाला नुसता योग्य अर्थ पुरत नाही. विश्वासात टिकणे हे एकेकट्याचे काम आहे, असे मी मानायचे. तेही मत गेले.

जखम चिघळली तेव्हा डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून समजावले, आणि वन्सं पुन्हा इन्सुलिन घेऊ लागल्या. आता बुधवारची कॉटेज प्रार्थना त्यांच्या घरी होते. फोनवर आलेले वचन कोणीही आणावे, आम्ही पूर्ण अध्याय मोठ्याने वाचतो, मागचापुढचाही. त्या आवाजाला दशांश पाठवणे मात्र वन्संनी थांबवलेले नाही. ‘मलाखीतच लिहिलंय की’ म्हणतात. त्यावरून आमचा खटका उडतो. पुढच्या बुधवारी मलाखी घ्यायचे ठरले आहे. मी पहिल्या अध्यायापासून सुरुवात करणार आहे, कारण लोकांकडे दशांश मागण्याच्या कितीतरी आधी तिथे याजकांना जाब विचारला आहे.