वाजणे आणि ऐकू येणे

गाडीतल्या गाण्याच्या यंत्राला आपल्याकडे अजूनही ‘टेप’ म्हणतात. ती फीत केव्हाच गेली. मागून चकत्या आल्या, त्याही गेल्या. आता काचेच्या पडद्याला बोट लावले की गाणे सुरू होते. तरीही काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या बाकावरून हाक येते ती “टेप लावा की!” अशीच. वस्तू नाहीशी होते आणि शब्द मागे राहतो, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. उलटा प्रकार मात्र मला गेल्या वर्षी अनुभवास आला. यंत्र समोर होते, नवे कोरे होते, वीतभर पडदा मिरवत होते. आणि त्याच्याविषयी वापरलेल्या शब्दांपैकी एकही त्याला लागू पडत नव्हता.

ही गाडी डोंगरवाटांसाठी बांधलेली आहे. तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते आणि त्यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. माझे काम नाशिकच्या पश्चिमेकडील पेठ, हरसूल, सुरगाणा या पट्ट्यातल्या बोलींचे. तेथे डांबर संपल्यावर पाड्याकडे जी वाट वळते, ती पावसाळ्यात वाट राहत नाही, ओहोळ होते. जुन्या छोट्या गाडीचे पोट खडकाला घासले की आपल्याच पाठीवरून कोणी कानस फिरवल्यासारखे वाटे. निवृत्तीला पाच वर्षे उरली असताना ही गाडी घरी आली. तिच्याभोवती एक फेरी मारून पत्नी म्हणाली, “अहो, हिला नांगर जुंपला तरी चालेल.” गाडी म्हणून माझी तिच्याबद्दल काहीही तक्रार नाही. चिखलातून ती म्हशीच्या शांतपणाने बाहेर येते.

तक्रार आहे ती टेपाबद्दल. माहितीपत्रकात ‘चित्रपटगृहाचा अनुभव’ असे शब्द होते आणि खाली वॅटचा एक भारदस्त आकडा होता. हा आकडा दोन रीतींनी सांगता येतो. यंत्र क्षणभर किती ताकद झेपवील ही एक रीत, आणि सतत किती ताकद स्वच्छपणे देईल ही दुसरी. पहिला आकडा नेहमीच मोठा असतो आणि जाहिरातीला तोच आवडतो. विक्रीच्या दालनात मी खिशातला पेन ड्राइव्ह काढला, तर “बाहेरचं काही लावायची परवानगी नाही, सर,” असे उत्तर मिळाले. मग इंजिन बंद, काचा बंद अशा उभ्या गाडीत त्यांनी त्यांचे ठरलेले गाणे लावले. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दाराचा पत्रा थरथरला. “काय बेस आहे ना, सर!” विक्रेता तरुण म्हणाला. बेस होता, याबद्दल वाद नाही.

पहिल्याच रविवारी पेठच्या रस्त्याला लागताना मी एका ख्यालगायनाचे ध्वनिमुद्रण लावले. गळा ऐकू आला, तबल्याचा डग्गा तर गरजेपेक्षा जास्त ऐकू आला. तानपुरा मात्र गाडीत चढलाच नव्हता. तानपुऱ्याची सारी शोभा त्याच्या जवारीत असते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी झंकारती जाग आणतात, ती म्हणजे वरच्या स्वरांशांची दाट गर्दी. ती गर्दी कापली की खाली एक गुळगुळीत गुणगुण उरते, शेजारच्या घरातल्या फ्रिजसारखी. माझी निराशा येथे सुरू झाली. गाण्यापुरती ती मी सोसलीही असती, कारण गाणे घरी ऐकता येते. पण गाडीत मी गाण्यापेक्षा बोलणे जास्त ऐकतो. जाता-येता चार-पाच तास मिळतात, त्या वेळात जुनी ध्वनिमुद्रणे ऐकून मनातल्या मनात टिपणे करायची, ही माझी फार वर्षांची रीत.

बोलण्याचे काय झाले, हे सांगण्यासाठी थोडे ध्वनिशास्त्रात शिरावे लागेल. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. बोलण्यातली बहुतेक ताकद स्वरांत असते आणि ती खालच्या भागात साठलेली असते. व्यंजने, विशेषतः स, श यांसारखे घर्षक, ताकदीने दुबळे पण स्थानाने उंच. ‘स’चे घर्षण मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर असते, ‘श’चे त्याहून खाली सुरू होते. जुन्या दूरध्वनीवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जाई. म्हणूनच नाव सांगताना “स, समईतला स” असे फोड करून सांगावे लागे. आता मराठीतला आपला ‘च’ घ्या. चार ही संख्या सांगताना तो तालव्य असतो. ‘गुरांना गवत चार’ म्हणताना तो दंततालव्य होतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतही भेद हाच. लिपी तो दाखवत नाही, कान दाखवतो, आणि कानाला तो कळतो मुख्यतः या उंच घर्षणामुळे.

माझ्या गाडीतला भोंगा दाराच्या तळाशी, चालकाच्या पोटरीशी बसवलेला. खालचे ध्वनी अडथळ्याला वळसा घालून पसरतात. उंच ध्वनी सरळ रेषेत जातात आणि वाटेत कापड, फोम, माणूस जे येईल त्यात मुरतात. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ माझी पोटरी ऐकत होती. त्यात या गाडीची चाके रुंद, त्यांच्या रबराला खोल खाचा. चिखलात त्याच खाचा उपयोगी पडतात आणि डांबरावर त्याच घुमतात. उभी काच वारा अंगावर घेते. हा सगळा गोंगाट खालच्या पट्ट्यातला. आणि मोठ्या आवाजाचा खालचा ध्वनी आपल्या वरच्या दुबळ्या ध्वनींना झाकून टाकतो, हा श्रवणाचा पक्का नियम आहे. म्हणून आवाज वाढवून काही साधत नाही. वाढवलेल्या आवाजातले स्वर आपल्याच व्यंजनांना गिळतात.

येथे ‘आवाज’ हा शब्द मी सहज वापरला, पण तोच सगळा घोळ आहे. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत तीन कामे करतो. फटाक्याचा आवाज, आईचा आवाज, आणि ‘जरा आवाज वाढव’ यातला आवाज: ध्वनी, कंठ आणि मोठेपणा. रोजच्या बोलण्यात संदर्भ सावरून घेतो. गाडीच्या कारखान्यात मात्र ‘आवाज चांगला हवा’ या वाक्याचा तिसरा अर्थच कोणीतरी उचललेला दिसतो.

हे गाऱ्हाणे एका हौशी माणसाचे म्हणून सोडून देता आले असते. पण आपल्या अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्क सत्राला येणाऱ्यांत एसटीचे चालक आहेत, रात्रपाळीचे कामगार आहेत, भाजीची गाडी घेऊन पहाटे बाजारसमितीत जाणारे आहेत. श्राव्य पाठ ते चालत्या वाहनातच ऐकतात. दुसरा वेळ त्यांना नाही. एकाने मला सत्रानंतर थांबवून विचारले होते, “सर, तुमच्या पाठात दोन ‘च’ आहेत म्हणता, पण दोन्ही एकच ऐकू येतात. परीक्षेत काय लिहू?” तोच पाठ मी या गाडीत लावला. साठच्या वेगात, बोलणारा मी आणि ऐकणाराही मी. आणि कोणते ‘चार’ कोणते, हे ओळखणे नाणेफेकीवर आले. दोष कानाचा नाही ना, या शंकेने तोच पाठ गाडी थांबवून साध्या तारेच्या इअरफोनवर ऐकला. दोन्ही ‘च’ आपापल्या जागी नीट बसलेले होते.

यानंतरचा प्रसंग सांगताना मात्र मला तटस्थ राहता येत नाही. सुरगाण्याच्या बाजूची एक विद्यार्थिनी आहे, आशा कार्यकर्ती. वय तिशीच्या पुढे, बी.ए.चे पहिले वर्ष. गावाचे आणि घराण्याचे नाव ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले की प्रबंधाच्या कामासाठी १९९७ च्या उन्हाळ्यात मी तिच्या आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. राब कसा भाजायचा, नागलीचे बी केव्हा टाकायचे, आवण केव्हा उपटायचे, असे पाऊण तास ती बाई बोलत होती. ती आता हयात नाही. घरात तिचे एक छायाचित्र आहे, आधारकार्डाच्या आधीच्या काळातले, पुसट. एका रविवारी सत्र संपल्यावर मी त्याच बाजूला निघालो होतो, तेव्हा ही विद्यार्थिनी आणि तिच्या दोन मैत्रिणी गाडीत होत्या. मी सांगितले, “तुझ्या आजीचं बोलणं आहे माझ्याकडे. ऐकायचंय?” ती सावरून बसली. पदर नीट केला, जणू कोणी वडीलधारे येणार होते.

मी लावले. दाराच्या तळातून एक घोगरे, जाड, घुमणारे बोलणे बाहेर येऊ लागले. ती ऐकत राहिली. दोन-तीन मिनिटांनी हळूच म्हणाली, “सर, दुसरी कुणीतरी असेल. आजी अशी नव्हती बोलत.”

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि इअरफोन तिच्या हाती दिले. पहिल्या वाक्यालाच तिचा हात तोंडाकडे गेला. “हीच,” ती म्हणाली. “दात पडलेले होते ना तिचे, तो वारा ऐकू येतोय.” तो वारा म्हणजे पुढच्या दातांच्या फटीतून निसटणारे घर्षण, माझ्या प्रबंधात त्याची नोंद ‘निवेदिकेच्या उच्चारातील वैयक्तिक विशेष’ अशी एका ओळीत आहे. नातीने आजी ओळखली ती त्या एका ओळीवरून. आणि नव्या गाडीच्या टेपाने नेमके तेवढेच कापून टाकले होते.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणातला मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्याच उपक्रमाचा पुढचा भाग म्हणून भारतीय भाषांचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करण्यात आले. नमुन्यासाठी बायबलमधली उधळ्या पुत्राची कथा निवडलेली होती. त्या ध्वनिमुद्रणांत खरखर आहे, पट्टा अरुंद आहे. पण त्या यंत्राला जे जमत नव्हते ते त्या काळात कोणालाच जमत नव्हते. शंभर वर्षांनी, सगळे जमत असताना, चार पैसे आणि थोडी जागा वाचवण्यासाठी ते गाळणे, हे मला पटत नाही.

सेवाकेंद्रात मी हे सारे सांगितले, अर्थात आजीचा भाग वगळून. तिथल्या मुलाने पडद्यावरच्या पट्ट्या वरखाली केल्या, त्याचे ठरलेले गाणे लावले आणि निर्मळपणे म्हणाला, “सर, वाजतंय की!” त्याचे बरोबर होते. वाजत होते. वाजणे ही यंत्राची क्रिया आहे. तिला ऐकणारा लागत नाही. ‘ऐकू येणे’ या क्रियेला मात्र ‘मला’ लागतो, आणि तक्रारनोंदीच्या अर्जात ‘मला’साठी रकाना नव्हता. महिन्याभराने लेखी उत्तर आले: यंत्रणा निर्धारित मानकांनुसार कार्यरत आहे. ही मानके कोणी आणि कशासाठी निर्धारित केली, हे विचारणारे माझे दुसरे पत्र अजून अनुत्तरित आहे. मूळची तार कापली तर हमी जाईल, एवढे मात्र त्यांनी तत्परतेने कळवले होते.

शेवटी तार न कापता काम करणारा एक कारागीर सापडला. जुन्या काळी तो खरोखरच टेप दुरुस्त करी. दुकानाच्या पाटीवर तो शब्द अजून आहे. त्याने दाराचे आतले आवरण उतरवले आणि मला बोलावून दाखवले: पातळ पत्रा, त्याला टेकलेली प्लास्टिकची चौकट, बशीएवढा भोंगा आणि त्याच्या पाठीला नाण्याच्या चवडीएवढे लोहचुंबक. उंच ध्वनींसाठी वेगळा छोटा भोंगा असतो, तो नव्हताच; जाळी होती, जाळीमागे काही नव्हते. “खोटी खिडकी आहे, साहेब,” तो म्हणाला. पत्र्याला आतून डांबरी थर चिकटवणे, दारातले भोंगे बदलणे आणि कानाच्या उंचीवर, काचेच्या कोपऱ्यात दोन छोटे भोंगे बसवणे, या कामाचे त्याने साडेअकरा हजार रुपये घेतले. काम संपल्यावर त्याने स्वतःहून विचारले, “गाणं लावू का कुणाचं बोलणं?”

आता तानपुरा गाडीत बसतो. चाळीसच्या वेगापर्यंत दोन्ही ‘च’ वेगळे कळतात. पन्नासला शंका येऊ लागते. त्यापुढे चाकांचेच राज्य. खाचांच्या चाकांना कारागिराकडे उपाय नाही आणि त्या खाचांशिवाय मला पाड्यापर्यंत जाता येत नाही. त्यामुळे सुरगाण्याला जायला मला आता अर्धा तास जास्त लागतो. त्या विद्यार्थिनीला आजीचे पूर्ण ध्वनिमुद्रण मी तिच्या भ्रमणध्वनीत घालून दिले आहे. परवा तिने निरोप पाठवला की घरातल्या सगळ्यांनी ते ऐकले, पण एकेकाने, इअरफोन लावून. आणि आवण उपटण्याविषयी आजीने जे सांगितले आहे त्यातला एक शब्द मी प्रबंधात चुकीच्या अर्थाने दिला आहे, असे तिच्या आईचे म्हणणे आहे. पुढच्या रविवारी त्यांच्याकडे जायचे ठरले आहे.