आधी फॉल्टची बाजू ठरव

सांगली-मिरजेतल्या दुकानांत, दवाखान्यांत, शाळांत राउटर बसवणं, कॅमेरे जोडणं आणि बंद पडलेलं सुरू करून देणं, यावर आज माझं घर चालतं. या कामाची शिदोरी मला आमच्या शेजारच्या काकांनी बांधून दिली. काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या नोकरीतली बरीच वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या एमडीएफवर गेली. गावभरातून आलेल्या तारांच्या जोड्या एक्स्चेंजच्या यंत्राला जिथे जोडतात, ती लोखंडी चौकट म्हणजे एमडीएफ. फोन बंद असल्याची तक्रार आली की तिथे जोडी सोडवून दोन्हीकडे तपासायची. आतल्या बाजूला डायलटोन येतो का, बाहेरची लाइन ठीक आहे का, हे पाहायचं. फॉल्ट आतला की बाहेरचा हे ठरल्याखेरीज लाइनमनला रस्त्यावरच्या जोडपेट्यांकडे, म्हणजे पिलरकडे किंवा डीपीकडे, धाडायचं नाही, अशी त्यांची शिस्त होती.

बी.कॉम. झाल्यावर मी वडिलांच्या कृषी सेवा केंद्रात बसत असे. दुकान खाली, घर वर. फायबर कंपनीने बसवलेला राउटर दुकानात होता. जुन्या जाड भिंतींमुळे वर सिग्नल पोचेना, म्हणून मी दुसरा राउटर आणून वरच्या खोलीत लावला आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर त्याला जोडला. थोरला भाऊ पुण्याला नोकरीला होता. वडील दुकानात एकटे असले तर त्याला मोबाइलवर दिसावं, एवढीच इच्छा होती. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागतं हे ऐकून मी वरच्या राउटरमध्ये ८००० क्रमांकाच्या पोर्टचा नियम लिहिला. घरात कॅमेरे दिसत होते, पुण्याहून काही दिसेना. मग मी पोर्ट बदलले, राउटर रीसेट केला, डीव्हीआरची सगळी सेटिंग पुन्हा भरली. काय करतोय आणि का करतोय, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी मी काकांना बोलावलं. त्यांना इंटरनेटचं तंत्र फारसं ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ते सरळ सांगितलंही. खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, “बाळा, आधी फॉल्टची बाजू ठरव. तुझ्या या डब्याला बाहेरून कुठला नंबर मिळालाय, तो दाखव.”

मी वरच्या राउटरचं स्टेटसचं पान उघडलं. वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या, रकान्यात १९२.१६८.१.५ असा पत्ता होता. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले असतात, जगाच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत, एवढं मी वाचलेलं होतं. पण त्याचा अर्थ मला तोवर लागला नव्हता. काकांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने दोन चौकोन काढले. एक खालचा राउटर, एक वरचा, आणि त्यांच्या शेवटी डीव्हीआर. प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही बाजूंना त्यांनी माझ्याकडून पत्ते लिहून घेतले. कागद पुरा झाल्यावर सगळं डोळ्यांसमोर आलं. पुण्याहून येणारी मागणी खालच्या राउटरपाशीच अडत होती. वर लिहिलेल्या नियमापर्यंत ती पोचतच नव्हती.

राउटर आपल्याकडे एक नोंदवही ठेवतो. घरातलं यंत्र बाहेर काही मागतं तेव्हा त्याची नोंद होते आणि उत्तर आलं की ते बरोबर त्याच यंत्राकडे जातं. बाहेरून न बोलावता कोणी आलं तर नोंद सापडत नाही आणि राउटर त्याला आत घेत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्या वहीत आधीच करून ठेवलेली कायमची नोंद. राउटर दोन असतील तर वह्याही दोन. खालच्यात लिहायचं की ८००० पोर्टवर येईल ते वरच्या राउटरच्या बाहेरच्या पत्त्याकडे पाठव, आणि वरच्यात लिहायचं की ते डीव्हीआरकडे पाठव. दोन्ही नोंदी केल्यावर भावाला पुण्यात दुकान दिसलं. वडील गल्ल्यावर बसून बियाण्याच्या पिशव्या मोजत होते.

पुढे एकदा वीज जाऊन आली आणि चित्र पुन्हा बंद झालं. या खेपेला मी कागद घेऊन बसलो. वरच्या राउटरला नवा पत्ता मिळाला होता आणि खालचा नियम जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत होता. तेव्हापासून वरचा राउटर आणि डीव्हीआर, दोघांचे पत्ते मी पक्के करून ठेवतो. तपासणी घरच्या वायफायवरून करायची नाही, मोबाइल डेटावरून करायची, हेही तेव्हाच कळलं. घरातून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याला हाक मारली तर बरेच राउटर उत्तर देत नाहीत आणि नसलेला फॉल्ट दिसतो. गरज नसेल तर दुसरा राउटर नुसता सिग्नल पसरवणारा ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा, म्हणजे दुसरी वहीच उरत नाही, हा सोपा मार्ग मला बऱ्याच उशिरा उमगला.

दुकानात येणारे लोक हळूहळू मला घरी बोलवू लागले. अशाच एका दवाखान्यात दोन्ही राउटरच्या नोंदी अचूक होत्या, तरी बाहेरून काही पोचेना. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, “तुझ्या पहिल्या डब्याच्या बाहेरचा नंबर पाहिलास का?” मी पाहिला. तो १००.७२ने सुरू होत होता आणि जगाला दिसणारा पत्ता वेगळाच होता. म्हणजे तिसरी वही कंपनीच्या ताब्यात होती. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४२९ कोटी. एप्रिल २०११मध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाला शेवटच्या राखीव साठ्यातून मोजून मापून पत्ते देणं सुरू झालं. मग कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवू लागल्या आणि त्या मधल्या जाळ्यासाठी २०१२मध्ये १००.६४पासून १००.१२७पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले. असा पत्ता दिसला की घरातल्या राउटरवर कितीही नियम लिहिले तरी उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा पत्ता, मागावा किंवा आतूनच बाहेर जोडणी करणारा मार्ग धरावा. आपला हात कुठपर्यंत पोचतो हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचं, त्याचा वेळ आणि पैसा घालवायचा नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

काकांनी एकदा विचारलं, “दार उघडून दिलंस, कुलूप कुठलं लावलंस?” त्या सुमारास मिराई नावाच्या व्हायरसच्या बातम्या येत होत्या. २०१६मध्ये त्याने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डच्या जोरावर ताब्यात घेतले होते. माझ्या कितीतरी ग्राहकांच्या डीव्हीआरवर तेच मूळ पासवर्ड होते. मी पुन्हा घरोघर जाऊन ते बदलले. आता कॅमेऱ्याचं पोर्ट मी थेट उघडत नाही. वायरगार्डसारख्या व्हीपीएनसाठी एकच पोर्ट उघडतो आणि बाकीचं सगळं त्या बोगद्यातून नेतो. त्यासाठीही दोन राउटरमधून वाट काढून द्यावीच लागते, म्हणून तो कागद अजून कामाला येतो.

काकांच्या पद्धतीला हत्यारं मिळाली ती मी कधी न पाहिलेल्या माणसांकडून. अमेरिकेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये ‘पिंग’ लिहिलं. पलीकडचं यंत्र जागं आहे का, हे मी रोज त्यानेच विचारतो. २०००मध्ये मोटार अपघातात मूस गेले. व्हॅन जेकबसन यांच्या ‘ट्रेसराउट’ने वाटेतला एकेक टप्पा दिसतो. पहिल्या दोन ओळींत दोन घरगुती पत्ते आले की घरात बहुधा दोन राउटर आहेत हे स्टेटसचं पान न उघडता कळतं. राउटरच्या नोंदवहीमागची, पत्ते बदलून देण्याची युक्ती एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी मे १९९४मध्ये एका दस्तऐवजात तात्पुरता उपाय म्हणून मांडली. तो दस्तऐवज आजही कुणालाही फुकट वाचता येतो. माझं इंग्रजी बेताचं आहे, शब्दकोश शेजारी ठेवून मी तो वाचला. या माणसांनी आपलं काम असं खुलं ठेवलं नसतं तर कॉमर्सचा एक मुलगा या धंद्यात उभा राहू शकला नसता.

काका आता नाहीत. त्यांनी मला राउटर शिकवला नाही, कारण तो त्यांना येत नव्हता. अडलं की घाबरून सगळं बदलत सुटू नये, एकेक टप्पा तपासावा, कळत नसेल तर कळत नाही असं म्हणावं, हे त्यांनी शिकवलं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी कागद-पेन्सिल देतो आणि चौकोन काढायला लावतो.

तुमच्या घरात दोन राउटर असतील आणि बाहेरून आत काही पोचत नसेल, तर रीसेटचं बटण दाबण्याआधी दोन्हींच्या बाहेरचे पत्ते कागदावर लिहा. पहिल्याचा पत्ता जगाला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळला तर पुढची वाट तुमच्याच घरातली आहे, ती तपासता येईल. आणि जमलं की शेजारच्या एखाद्या मुलाला जवळ बसवून तोच कागद त्याच्याकडून काढून घ्या.