मित्राला कधी कळू द्यायचं?

पहूरहून फर्दापूरची एसटी धरली की वाकोद मागे टाकत तासाभरात अजिंठ्याचा पायथा येतो. लेण्यांना वळसा घालणारी वाघूर नदी पुढे पहूरलाच येते. या पट्ट्यातून मुंबईला जाऊन मालिका लिहू पाहणाऱ्यानं आधी सतरा नंबरच्या लेण्यात एक चक्कर मारावी. जिवलग मित्र आणि त्याचा दडवलेला काळा भूतकाळ हा अद्भुत मालिकांतला हमखास चालणारा ट्रॅक तिथं पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, भिंतीवर रंगवून ठेवलेला आहे.

गोष्ट सुतसोमाची. पाली जातकात सुतसोम आणि वाराणसीचा राजपुत्र ब्रह्मदत्त तक्षशिलेत एकत्र शिकतात. सुतसोम अभ्यासात पुढे, म्हणून मित्राला तोच शिकवतो. पुढे दोघंही आपापल्या गादीवर बसतात. एके दिवशी राजवाड्यातलं मांस कुत्री पळवतात, बाजारात दुसरं मिळत नाही आणि घाबरलेला आचारी स्मशानातून नुकत्याच मेलेल्या माणसाचं मांस आणून रांधतो. राजाला ती चव लागते, कारण मागच्या जन्मी तो यक्ष होता. मग तुरुंगातले कैदी संपतात आणि रात्री शहरातली माणसं नाहीशी होऊ लागतात. सेनापती आचाऱ्याला टोपलीसकट पकडतो, राजा हद्दपार होतो आणि जंगलात नरभक्षक म्हणून राहू लागतो.

अजिंठ्याच्या चित्रकारानं कथेचं थोडं वेगळं रूप घेतलंय. त्यात या राजाची आई सिंहीण आहे. त्याच्या झोपलेल्या बापाचे पाय चाटणारी ती सिंहीण भिंतीवर दिसते. पण मालिका लिहिणाऱ्यानं खरं थांबावं ते मुदपाकखान्यापाशी. मांस कापलं जातंय, शिजवलं जातंय. एरवी हा भाग कुणीही झाकून ठेवला असता आणि शेवटी धक्का दिला असता. चित्रकारानं तो उघड मांडलाय. मित्राला कळायच्या आधी बघणाऱ्याला कळलेलं आहे. आता हे दोघं समोरासमोर आले की साधं ‘कसा आहेस?’ म्हटलं तरी पोटात गोळा येणार.

चॅनेलच्या बैठकीत मात्र उलटा आग्रह असतो. प्रेक्षकापासूनही लपवा, महाएपिसोडमध्ये फोडा, गुरुवारी टीआरपी बघा. आकडा येतोही. पंचाईत पुढच्या सोमवारी होते, कारण गौप्यस्फोट झाल्यावर दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं याचा विचारच कुणी केलेला नसतो. मग कुणाची तरी स्मृती जाते.

बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ला ही अडचण आली नाही. 2 ऑक्टोबर 1988 ते 24 जून 1990 या काळात चौऱ्याण्णव भाग दूरदर्शनवर आले. संवाद राही मासूम रज़ांचे, कर्ण पंकज धीर, दुर्योधन पुनीत इस्सर. कर्ण कुणाचा, हे घरोघरी आधीच ठाऊक होतं. शिवाय हरीश भिमानींच्या आवाजातला ‘समय’ होताच, तो प्रेक्षकाला पात्रांच्या एक पाऊल पुढे ठेवायचा. आणि मूळ कथेची बांधणी तर फारच पक्की. रंगमंडपात कृपाचार्य कर्णाचं कुळ विचारतात, तेव्हा दुर्योधन काहीच विचारत नाही. सरळ अंगदेशाचं राज्य देतो आणि बदल्यात मैत्री मागतो. न विचारण्यावरच ही मैत्री उभी आहे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्माचं सत्य सांगतो, तेव्हा कर्ण ते युधिष्ठिरापासून लपवायला सांगतो. कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन, हे त्याचं कारण. दुर्योधनाला कुणी सांगतच नाही. सगळा ताण एकट्या कर्णाच्या छातीवर.

बीबीसीच्या ‘मर्लिन’नं हीच युक्ती लांबवली. 2008 ते 2012, पाच हंगाम, पासष्ट भाग. जादूला देहदंड असलेल्या राज्यात मर्लिन आपली जादू मित्रापासून, राजा आर्थरपासून, लपवत राहतो आणि सांगतो तो थेट शेवटच्या भागात, आर्थर मरणाच्या दारात असताना. प्रेक्षक रडले. पण खरं कळलेल्या दोन मित्रांना एकत्र राहायला जेमतेम एक भाग मिळाला, ही कंजुषीच म्हणायची.

जातककारानं असा हात आखडता घेतलेला नाही. नरभक्षक आधी इतर राजांना पकडतो आणि मग सुतसोमाला धरतो. एका ब्राह्मणाकडून गाथा ऐकायचा शब्द दिलाय, तो पाळून येतो, असं सांगून सुतसोम सुटतो आणि खरंच परत येतो. चकित झालेला जुना मित्र त्याला वर मागायला सांगतो. सुतसोम आधी सोपं मागतो: मला तू शंभर वर्षं धडधाकट दिसावास. मग पकडलेल्या राजांची सुटका, मग त्यांची घरवापसी. ते पदरात पडल्यावर म्हणतो, आता माणूस खाणं सोड. इथं राजा अडतो. यासाठी राज्य सोडलं, दुसरं काहीही माग, म्हणतो. पुढची ओढाताण नीट लिहिली तर दोन आठवड्यांचे भाग सहज निघतील.

आणि तिथंही गोष्ट संपत नाही. सुतसोम त्याला घेऊन वाराणसीला येतो, तर नगराचे दरवाजे बंद. आतल्या लोकांनी आपली माणसं गमावलेली आहेत. राजा सुधारला, यावर ते का विश्वास ठेवतील? सुतसोम त्याला बाहेर थांबवतो आणि ज्या सेनापतीनं तो आचारी पकडला होता, त्याला समजवायला आत जातो.