दुधाळ डिपस्टिक

मुंब्रा बायपास उतरून शिळफाट्याला थांबलो आणि सवयीने डिपस्टिक ओढली. तेल काळं नव्हतं, दुधाच्या चहासारखं होतं. वर पातळीही चढलेली. पोटात खड्डा पडला. दोन दिवस रेडिएटरचं पाणी कमी होत होतं, गाडीखाली मात्र थेंब नव्हता. तेव्हाच थांबायला हवं होतं.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या गॅरेजात, हेड गॅस्केटच गेलं असणार म्हणून मी हेड उघडायचाच आग्रह धरला. मिस्त्री म्हणाले, "आधी खालून बघू." पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली फेस धरतो, ती नुसती वाफही असते, पण इथे अख्खं तेलच फाटलं होतं. त्यांनी इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला, रेडिएटरला हातपंपाने दाब दिला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली झोपले. बऱ्याच वेळाने हाक आली. तिसऱ्या लायनरच्या खालच्या कडेने हिरवट थेंब ओघळत होता. ओ-रिंग गेलेली. हेड गॅस्केट शाबूत, ऑइल कूलरही.

मग बेअरिंग काढली. कूलंट मिसळलं की तेलाचा थर तुटतो, धातू धातूला घासतो. दोन बेअरिंगवर चरे होते. मी त्यांवरून बोट फिरवत राहिलो. आठ वर्षं याच इंजिनावर आमचं घर चाललंय.