अंगठ्यावरचा भार

बंगळुरूत सर्जापूर रोडवर इब्बलूरच्या चौकातून दोम्मसंद्राकडे निघालं की रात्री नऊनंतरही जागोजागी फ्लडलाइट दिसतात. कृत्रिम गवताची ही भाड्याची मैदानं. ऑफिस सुटलं की इथे फुटबॉल रंगतो, सुट्टीच्या सकाळी मुलांच्या अकादम्या भरतात. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे बरेच पाय इथूनच येतात. घोटे आणि गुडघे रोजचेच. पण मी सगळ्यात सावध असते ती टर्फ टोच्या बाबतीत. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची ही दुखापत.

चवडा जमिनीत रुतलेला असतो, टाच उचललेली असते आणि मागून कुणीतरी त्या टाचेवर कोसळतं. अंगठा वरच्या दिशेने वाकतो तो वाकतच जातो. सांध्याच्या तळाशी प्लांटर प्लेट नावाची चिवट तंतूंची झोळी आहे, तिच्यालगत सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडं. झोळी पूर्ण फाटली की ही हाडं टाचेच्या दिशेने मागे सरकतात, एक्स-रेमध्ये ते दिसतं. 1976 साली बॉवर्स आणि मार्टिन यांनी या दुखापतीचा संबंध कृत्रिम मैदान आणि लवचीक तळव्याच्या हलक्या बुटांशी जोडला. ते निदान आजही खरं आहे, तरी बूट घेताना माणसं अजून हलकेपणाच बघतात.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. सचिन तेंडुलकर 2001 मध्ये श्रीलंकेतल्या कसोटी मालिकेला मुकला, तो अंगठ्याखालच्या सेसमॉइडला गेलेल्या बारीक चिरेमुळे. विश्रांतीने ती भरली आणि नोव्हेंबरात ब्लूमफाँटेनला त्याने 155 धावा केल्या. पण झोळीच तुटली, सांधा डळमळीत झाला, तर ती शिवावी लागते. आणि शिवल्यावर खेळाडूचे पुढचे कित्येक महिने आमच्या खोलीत जातात.

पहिल्या आठवड्यांतली कसरत विचित्र असते. शिवलेला भाग भरायचा तर अंगठा वर वाकता कामा नये. म्हणून तो किंचित खाली झुकवून बांधलेला असतो, पाय टेकायचा नाही, कुबड्या. पण सांधा नुसता बांधून ठेवला तर आखडतो. आखडलेल्या अंगठ्याने माणूस चालेल, स्प्रिंट मारू शकणार नाही. म्हणून सर्जनने परवानगी दिली की अगदी लवकर, माझ्या हाताने, खालच्या दिशेने आणि थोडंसंच वर, एवढी हालचाल सुरू करते. बोटांखाली एक जागा येते, तिथे ऊतक हळूच विरोध करतं. तिथे थांबायचं. किती अंशांवर, हे कागदावर लिहिलेलं असतं, पण विरोध हाताला कळतो, आणि मी हातावर जास्त विश्वास ठेवते. साधारण महिन्याभराने वॉकिंग बूटमधून भार, दुसरा महिना सरताना कडक तळव्याचा किंवा कार्बन प्लेट घातलेला बूट. पळणं तीन-चार महिन्यांनी, धडकाधडकीचा खेळ त्याहून पुढे.

आपल्याकडे एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते : जमिनीवरून उठू नका. मांडी घालून जेवायला बसलेला माणूस उठताना गुडघा टेकतो, चवडा रोवतो आणि अंगठा पूर्ण मागे मोडतो. उकिडवं बसणं तसंच, सूर्यनमस्कारात पाय मागे नेणंही तसंच. परदेशी तक्त्यांत हे सहसा नसतं, कारण तिथे कुणी जमिनीवर जेवत नाही. इकडे मात्र बूट नीट सांभाळणारा मुलगा घरी पंगतीला बसतो आणि एका उठण्यात सगळं पणाला लावतो. कोल्हापुरी चपलेलाही या काळात रजा. तिच्या अंगठ्यात बोट घट्ट धरून चालावं लागतं.

याहून अवघड टप्पा नंतर येतो. दुखणं गेलेलं असतं, ताकदही मोजली तर बरीच परतलेली असते, आणि तरी खेळाडू अंगठा वापरत नसतो. पायाच्या बाहेरच्या कडेवरून चालतो, करंगळीच्या बाजूने रेटा देतो. त्याला स्वतःला ते कळत नाही. बेळगावकडचा एक कबड्डीपटू मला रोज विचारायचा, “मॅडम, आता पळू काय?” मी त्याला फरशीवर ओल्या पायाने चालायला लावलं. एका पायाच्या ठशात अंगठ्याचा डाग ठळक, दुसऱ्यात जेमतेम. तो बराच वेळ त्या ठशांकडे बघत राहिला. मग एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम त्याने आरशासमोर, अंगठा दाबून, मनापासून सुरू केला. चवड्यावर भार येऊन अंगठा वर वाकला की तळव्याचा पडदा ताणला जातो आणि कमान घट्ट होते. जे. एच. हिक्स यांनी ही यंत्रणा 1954 मध्ये मांडली. अंगठा कामच करत नसेल तर ती कमान ढिली राहते आणि पुढे पोटरी, गुडघा तक्रार करू लागतात. म्हणून मला सांध्याच्या अंशांपेक्षा हा ठसा महत्त्वाचा वाटतो.

अलीकडे सगळे जो बरोचं उदाहरण देतात. अमेरिकी फुटबॉलमधल्या या क्वार्टरबॅकवर सप्टेंबर 2025 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नोव्हेंबर संपायच्या आत, सुमारे दहा आठवड्यांत, तो मैदानात होता. पॅट्रिक माहोम्सने मात्र फेब्रुवारी 2021 मध्ये, सुपर बोल खेळून झाल्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. त्याला पुढच्या मोसमापर्यंत सावकाश बरं व्हायला वेळ मिळाला. मला माहोम्सचं वेळापत्रक जास्त पटतं. बरोच्या दिमतीला दिवसभर माणसं होती. माझ्याकडचा मुलगा सकाळी कॉलेजला जातो, बसमध्ये उभा राहतो, संध्याकाळी साडेसातला माझ्यापाशी पोचतो. त्याने दहा आठवड्यांचा हिशेब मांडू नये.

प्रशिक्षक स्पर्धेची तारीख घेऊन येतात, तेव्हा मी त्यांना आधी एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरणं दाखवायला सांगते. दोन्ही पायांत फरक दिसला तर तारीख पुढे. दिसला नाही तर सुरुवातीला एक दिवस खेळ आणि एक दिवस आराम, अंगठ्याला टेप आणि आत कडक तळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा सुजलाय का, ते खेळाडूने स्वतः बघून मला फोनवर कळवायचं.