पेमेंटचं पान कुठे ठेवायचं?

मागच्या दिवाळीनंतर मला कोडिंगच्या टीममधून उचलून डॉक्युमेंटेशनवर टाकलं. पगार तोच. मॅनेजर म्हणाला, "तू लिहितोस चांगलं." मला ऐकू आलं ते वेगळंच. घरी आठवडाभर बोललो नाही. शेवटी सांगितलं, तर आई म्हणाली, "म्हणजे आता टायपिंग?"

काम काय, तर वर्षानुवर्षं साचलेली पानं लावायची. अँड्रॉइडवर पेमेंट अडकलं, तर त्याचं पान 'पेमेंट'मध्ये ठेवायचं, 'एरर'मध्ये की 'अँड्रॉइड'मध्ये? हे शोधताना रंगनाथन भेटले.

एस. आर. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि लगेच इतके कंटाळले, की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले. (हे वाचून मला फार बरं वाटलं.) शेवटी तडजोड झाली: आधी लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं बघा, तरी नको वाटलं तर गणिताची जागा तुमचीच.

लंडनमध्ये सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच नटबोल्ट. जोडणी बदलली की कधी क्रेन, कधी गाडी. तोवर पुस्तक साधारण आधीच ठरलेल्या एका खणात बसवायचे. रंगनाथन यांनी विषयाचेच सुटे भाग केले. कशाबद्दल, काय केलं, कुठे, केव्हा. आणि ते जोडायला नटबोल्टच्या जागी कोलन, म्हणजे आपला अपूर्णविराम. १९३३ मध्ये 'कोलन क्लासिफिकेशन' छापून आलं. आपण बूट घेताना साइज, रंग, किंमत असे फिल्टर लावतो, त्यामागे हाच विचार आहे. लोक म्हणतात त्यांनी गणित सोडलं. मला तर हे गणितच वाटतं.

तसा लायब्निझही ग्रंथपालच. ज्या ० आणि १ वर माझं पोट चालतं, त्यांच्या अंकगणितावरचा त्याचा निबंध १७०३ चा. तेव्हा वोल्फेनब्युटेलचं ग्रंथालय त्याच्याकडे होतं.

रंगनाथन १९२५ मध्ये परतले. गणिताची जागा त्यांनी घेतली नाही; पुढे जवळजवळ वीस वर्षं त्याच ग्रंथालयात राहिले.

मी फोल्डर मोडून प्रत्येक पानाला टॅग लावायला घेतलेत. परवा मॅनेजरने विचारलं, "परत कोडिंगवर येतोस?" पंधरा दिवस मागून घेतलेत. 'एरर'ची पानं अजून लावायची आहेत.