कालवड विकावी की ठेवावी?

बीफ महागलं की टेक्सासातल्या सगळ्या गुरंवाल्यांची दिवाळी, असं आमच्या लंच टेबलावर सर्रास ऐकू येतं. मी बीफ खात नाही, पण हिशेब मजेशीर आहे बरं का!

एक असतो गायी पाळून वासरं विकणारा. दुसरा फीडलॉटवाला: ती वासरं विकत घेऊन चार-सहा महिने मका चारून धष्टपुष्ट करणारा. २०२२च्या दुष्काळात चारा संपला, लोकांनी गायीच कत्तलखान्याला विकल्या. १ जानेवारी २०२५ला अमेरिकेत ८.६७ कोटी गुरं होती, १९५१नंतर सर्वांत कमी. त्यात २०२५मध्ये मेक्सिकोची वासरं स्क्रूवर्म अळीच्या भीतीने सीमेवर अडली. म्हणजे पहिल्याची चांदी. दुसऱ्याने महाग वासरू घेतलं आणि मधेच भाव पडला, तर तो गेला बाराच्या भावात!

आमच्या टीममधल्या एकाचे वडील पहिल्या गटातले. सत्तरी उलटलेली. कालवड आज विकली तर रोख पैसा. ठेवली तर तिचं वासरू विकायला यायला सुमारे दोन वर्षं. तोवर भाव टिकेल? पाऊस पडेल? आणि मुलगा तर आमच्यासारखाच कीबोर्ड बडवतोय.

त्यांनी यंदा सगळ्या कालवडी विकल्या.